ताब्याच्या पावतीवर सही करण्याआधी

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, आम्ही पुनावळ्यात सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे, ७२ लाखांचा. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. फंडाचे पैसे आणि गावाकडची थोडी जमीन विकून आलेली रक्कम, सगळं यात घातलं आहे. आता बिल्डरकडून ताब्याचं पत्र आलं. १५ दिवसांत उरलेले ५ टक्के आणि देखभालीचे पैसे भरा आणि किल्ली घ्या, असं त्यात लिहिलंय. दसऱ्याला गृहप्रवेश करायचं मनात आहे. मुलगी नेदरलँड्समध्ये असते. ती म्हणते, बाहेरचा इंजिनियर नेऊन घर आधी तपासून घ्या, इकडे सगळे तसंच करतात. हे म्हणतात, एवढे पैसे दिले ते विश्वासावरच ना, आता शेवटी कशाला संशय घ्यायचा? आणि बघायचंच असेल तर आमचा भाचा सिव्हिल इंजिनियर आहे, तो येईल. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, बाहेरची माणसं आणता येणार नाहीत, आधी ताबा घ्या, मग काय असेल ते लिहून द्या, आम्ही करून देऊ. ह्यांचं मन मोडायचं नाही आणि नव्या घरात ओलही नको. काय करू?"

ताई, इंजिनियर न्या. किल्ली घेण्याआधी न्या, उरलेले पैसे भरण्याआधी न्या आणि ताब्याच्या पावतीवर सही करण्याआधी न्या. तुमची मुलगी बरोबर सांगते आहे. पण तिकडची आणि आपल्याकडची रीत थोडी वेगळी आहे. नेदरलँड्समध्ये नव्या घराचे शेवटचे ५ टक्के ग्राहक नोटरीकडे ठेवू शकतो आणि घर हातात आल्यावरही ते पैसे तीन महिने तिथेच राहतात. म्हणजे घरात राहायला जाऊन दोष दिसले तरी दोरी ग्राहकाच्या हातात असते. आपल्याकडे महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नमुना करारातही शेवटचा हप्ता ५ टक्क्यांचाच आहे, पण तो ताबा देतानाच भरायचा असतो. तुमच्या हिशेबानं ३ लाख ६० हजार. ते एकदा गेले की "करून देऊ" या शब्दावर तुम्ही अवलंबून. म्हणून आपल्याकडे तपासणी आधीच व्हायला हवी.

मी ३१ वर्षं साइटवर काढली, त्यातली बरीचशी बिल्डरांकडेच नोकरीत. "करून देऊ" म्हणणारी ती मुलगी खोटं बोलत नसेल. अडचण वेगळीच असते. इमारतीचं काम चालू असतं तेव्हा टाइलवाला, प्लंबर, वायरमन, सुतार, सगळ्यांच्या टोळ्या तिथेच असतात. तुमच्या बाथरूमची फरशी पोकळ निघाली तर ज्यानं बसवली त्यालाच ती उचलायला लावता येते. त्याच बॅचची टाइल गोदामात असते. वरच्या मजल्यांचं काम संपलं, ठेकेदारांची बिलं निघाली की या टोळ्या दुसऱ्या साइटवर जातात. मागे राहतो एक सुपरवायझर आणि दोन मदतनीस, त्यांच्याकडे पांढरं सिमेंट, पुट्टी आणि रंगाचा डबा. ते येतात, मनापासून येतात, आणि ओलीवर पुट्टी मारून जातात. पुढच्या पावसाळ्यात पोपडा पुन्हा सुटतो. तुम्ही पुन्हा फोन करता. अशी कितीतरी कुटुंबं मी ऑफिसच्या दारात ताटकळलेली पाहिली आहेत, म्हणून एवढं कळकळीनं लिहिते आहे.

माझ्याच घरी हे झालं. १९९९ साली आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त होता, घाई होती, आणि मी स्वतः इंजिनियर असून घर नीट तपासलं नाही. एप्रिलमध्ये भिंती कोरड्या ठाक. जुलैत बेडरूमच्या खिडकीखालची भिंत ओली दिसायला लागली. लोखंडी कपाट हलवलं तर मागे हातभर काळी बुरशी, आणि कपाटातल्या आईच्या शालूला वास. कारण एवढंच होतं की खिडकीच्या कट्ट्याला उतार बाहेरच्या बाजूला हवा, तो आतल्या बाजूला होता. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बिल्डरच्या माणसांनी तीन पावसाळे रंग लावून दिला. चौथ्या वर्षी आम्हीच कट्टा फोडून बाहेर उताराचा ग्रॅनाइट बसवला, खालून पाणी तुटायला खाच मारली, तेव्हा ओल थांबली. तो शालू मात्र गेला.

आता गुरुजींबद्दल, म्हणजे तुमच्या यजमानांबद्दल. त्यांना सांगा की बिल्डर स्वतः काय करतो ते पाहा. ठेकेदार बिल आणतो तेव्हा बिल्डरचा इंजिनियर टेप आणि ओळंबा घेऊन काम तपासतो, मापं घेतो, मगच बिल निघतं. वर थोडी रक्कम राखून ठेवतो, दोष निघाले तर दुरुस्त करून घेण्यासाठी. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या ठेकेदाराशीही तो असंच वागतो आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. हा या धंद्याचा शिरस्ताच आहे. गुरुजींनीही आयुष्यभर आवडत्या मुलांच्या वह्यासुद्धा तपासल्याच असतील. त्यांनी विश्वास ठेवून पैसे दिले ते योग्यच केलं. आता मोजून घ्यायची वेळ आहे, एवढंच त्यांना शांतपणे सांगा. आणि त्यांना तपासणीला बरोबर न्या. इंजिनियर एकेक गोष्ट दाखवायला लागला की सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतील, हे मी आत्ताच सांगते.

भाचा आला तर आनंदच आहे, पण तो काय काम करतो ते विचारा. पूल, रस्ते, धरणं करणारा इंजिनियर हुशार असला तरी घराच्या फिनिशिंगमधल्या खोड्या त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या नसतात. शिवाय घरचा माणूस दोन तास उन्हात उभा राहून शंभर टाइल वाजवून लेखी अहवाल देईल का? आणि दिला तरी बिल्डरच्या टेबलावर त्याचं वजन "आमचा भाचा म्हणाला" एवढंच पडतं. त्याला सोबत ठेवा, अहवाल मात्र फी घेऊन काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाचा असू द्या.

असा माणूस निवडायचा कसा? घर तपासनीस म्हणून वेगळा सरकारी परवाना आपल्याकडे नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आणि इमारतींच्या कामाचा अनुभव बघा. आधीच्या एखाद्या घराचा अहवाल नाव झाकून दाखवायला सांगा. खोलीवार फोटो, प्रत्येक दोष कुठे आहे याची नेमकी खूण, तो किती गंभीर आहे, एवढं त्यात असलं पाहिजे. दुरुस्त्या झाल्यावर तो पुन्हा एकदा येऊन बघेल का, हेही आधीच ठरवा. आणि एक गोष्ट मी फार कटाक्षानं सांगते. जो स्वतः वॉटरप्रूफिंग, इंटिरियर किंवा रंगाचं काम विकतो, त्याला तपासणीला बोलावू नका. त्याला प्रत्येक भिंतीत स्वतःचं पुढचं काम दिसतं. बिल्डरनं सुचवलेला माणूसही नको. फी दोन बेडरूमच्या घराला काही हजारांत असते, घराच्या आकारावर आणि तो कोणती यंत्रं आणतो त्यावर कमी-जास्त. तुम्ही नुसत्या दस्त नोंदणीचे ३० हजार भरलेत आणि मुद्रांक शुल्क त्याच्या कितीतरी पट. त्या मानानं हा खर्च फार नाही.

बँकेचा माणूस घर पाहून गेला, असं काही जण समाधान करून घेतात. तो मूल्यांकन करायला येतो, घर किती रुपयांचं आहे हे बँकेला सांगायला. तुमच्या नहाणीतून पाणी झिरपतं का, हे तो बघत नाही.

ऑफिसातल्या मुलीशी तोंडी वाद घालू नका. आजच एक ईमेल पाठवा. ताबा घेण्यापूर्वी फ्लॅटची पाहणी करायची आहे, सोबत माझे प्रतिनिधी म्हणून एक अभियंता येतील, अमुक दोन तारखांपैकी एक द्या, त्या वेळी फ्लॅटमध्ये पाणी आणि वीज चालू ठेवा. एवढंच लिहा. शेवटचं वाक्य विसरू नका. बंद नळ आणि बंद मीटर पाहून परत आलेली माणसं मला माहीत आहेत. "बाहेरची माणसं चालणार नाहीत" हे तोंडी सांगणं सोपं असतं, तेच लेखी द्यायला सांगितलं की बहुतेक वेळा तारीख मिळते. कायद्यात तपासनीस असा शब्द लिहिलेला नाही, पण घेणाऱ्यानं वस्तू पाहून घेऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही. नाहीच म्हणाले, तर तो नकार लेखी तुमच्याकडे राहू द्या.

त्याच ईमेलमध्ये भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत पूर्ण होऊन राहण्यायोग्य झाल्याच्या दाखल्याची, प्रत मागा. हे सगळ्यात आधी. भोगवटा नसताना "फर्निचर करून घ्या, किल्ली देतो" अशी गोड गोष्ट कोणी सांगितली तर घेऊ नका. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यातच लिहिलं आहे की पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरनं ताबा देऊ नये आणि ग्राहकानंही घेऊ नये. प्रमाणपत्र महापालिकेचं आहे ना, त्यात तुमची इमारत आणि सातवा मजला आहे ना, ते वाचा. अंशतः भोगवटा असेल तर तुमचा मजला त्यात नसूही शकतो. लिफ्टचा परवाना आणि अग्निशमन दलाचा दाखलाही पाहून ठेवा. सातवा मजला आहे, उद्या गुडघे दुखायला लागतील तेव्हा लिफ्ट ही चैन राहणार नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे गुरुजींनाही हे काय प्रकरण आहे ते कळेल.

सगळ्यात जास्त वेळ बाथरूममध्ये द्या. पुढच्या वीस वर्षांतली निम्मी डोकेदुखी तिथून येते. इंजिनियर आधी फरशी आणि भिंतीच्या टाइल नाण्यानं किंवा छोट्या काठीनं वाजवत जाईल. चांगली बसलेली टाइल भरीव वाजते, पोकळ टाइलचा आवाज बद्द येतो, आणि तो फरक एकदा कानाला कळला की तुम्हालाही पुढच्या खोलीत ओळखू येईल. टाइलच्या खाली मसाला नीट पसरला नसेल तर मधे पोकळी राहते. तिथे बादली आदळली की टाइल फुटते आणि पाणी खाली उतरायला वाट मिळते. मग तो पाणी ओतून बघेल. फरशीला नहाणीकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार आहे का, की पाणी दाराकडे धावतं आणि कमोडच्या मागे डबकं होतं? त्यानंतर खरी परीक्षा. नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्यानं बंद करायचं, फरशीवर दोन-तीन बोटं पाणी साठवायचं आणि किमान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच ठेवायचं. पातळीवर पेन्सिलीनं खूण करायची. दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन तुमच्या बाथरूमखालचा स्लॅब आणि पाइपाच्या भोवतीची जागा बघायची. तिथे ओलसर डाग दिसला की जागेवरच सगळ्यांना पटतं, वाद घालावा लागत नाही. हे काम आज बिल्डरच्या खर्चानं होतं. तुम्ही राहायला गेल्यावर झालं तर बाथरूम पंधरा दिवस बंद, आणि खालच्या शेजाऱ्यांशी पहिली ओळख भांडणानं. ड्राय बाल्कनीतही हेच करा, तिथे वॉशिंग मशीनचं पाणी रोज पडणार आहे.

भिंतींवरच्या भेगा पाहून घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका. हलक्या ब्लॉकची भिंत जिथे काँक्रीटच्या कॉलमला किंवा बीमला भेटते, तिथे सरळ रेषेत केसासारखी भेग बऱ्याच नव्या घरांत दिसते. दोन वेगळे माल उन्हापावसात वेगवेगळे हलतात म्हणून. सांध्यावर जाळी मारून नीट प्लास्टर केलं की ती मिटते. पण कॉलम किंवा बीमवरच तिरकी भेग असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी मत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. हा फरक सांगायलाच तर जाणता माणूस लागतो. कधी कधी तो तुमची झोप उडवणारी भेग पाहून "ही काही नाही" म्हणतो, आणि तुमच्या नजरेतून सुटलेल्या जागी थांबतो.

ओल मोजायचं लहानसं यंत्र असतं, ते भिंतीला लावलं की आकडा दिसतो. खिडक्यांच्या खालचा भाग, बाथरूमची पलीकडची बाजू, गच्चीला किंवा बाहेरच्या प्लास्टरला लागून असलेली भिंत, इथे ते फिरवायला सांगा. ताई, पाऊस अजून पुरता गेलेला नाही. दसऱ्याच्या सुमारास तो पुण्यातून परततो. म्हणून तपासणी याच आठवड्यात करा, शक्यतो मोठी सर पडून गेल्यावर. मे महिन्यात हे घर काही सांगणार नाही.

विजेचं काम नजरेला कळत नाही, म्हणून तिथे जास्त जपा. प्रत्येक सॉकेट तपासायला सांगा, अर्थिंग खरंच पोचलं आहे की नुसतीच तिसरी भोकं आहेत ते कळेल. वितरण पेटीत करंट गळला तर वीज तोडणारं उपकरण असतं, घरासाठी ३० मिलिअँपिअरचं. त्यावरचं चाचणीचं बटण दाबून बघा, खटकन पडलं पाहिजे. गीझर बाथरूममध्ये असतो, ओल्या हाताचं माणूस तिथे उभं असतं. हे एक उपकरण नसेल किंवा अर्थिंग नसेल तर त्या घरात एक रात्रही राहायला जाऊ नका. बाल्कनीचं रेलिंगही दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघा, सुट्टीत नातवंडं येतील.

दारं, कड्या, खिडक्यांचे सरकते पल्ले, नळांचा जोर हे तुम्ही दोघंही तपासू शकता. रंगाचे डाग यादीत शेवटी लिहा, नाहीतर बिल्डर तेवढेच पुसून देतो आणि यादी संपली म्हणतो. कराराला जोडलेली सोयी-सुविधांची यादी मात्र हातात घेऊन फिरा. नळ कोणत्या कंपनीचे, दार कोणत्या मालाचं, हे तिथे छापलेलं असतं. चटई क्षेत्रही (कार्पेट एरिया) टेपनं मोजून घ्या, बाल्कनी त्यात धरायची नाही, आतल्या भिंती धरायच्या. नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो, आणि करारातल्यापेक्षा कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे व्याजासह परत मिळायला हवेत.

अहवाल आला की तो ईमेलला जोडून पाठवा आणि पाठवताना १५ दिवसांची मुदत पाळा. गप्प राहून ५ टक्के अडवून ठेवू नका. थकलेल्या रकमेवर व्याज लागतं, आणि मग दोष त्यांच्याकडचा असून तगादा तुम्हाला. गंभीर गोष्टी, म्हणजे गळती, अर्थिंग, रेलिंग, खिडक्यांची ओल, या दुरुस्त करून दाखवा, मी लगेच पैसे भरून ताबा घेते, असं स्पष्ट लिहा आणि तारीख मागा. रंग, बिजागऱ्या अशा किरकोळ गोष्टींसाठी ताबा अडवू नका, त्या नंतरही होतील.

ताब्याची पावती वाचल्याशिवाय सही नको. त्यात बहुतेक वेळा एक वाक्य छापलेलं असतं, फ्लॅट तपासून घेतला, कामाबद्दल पूर्ण समाधान आहे, कोणतीही तक्रार उरलेली नाही. ते वाक्य खोडा आणि हातानं लिहा: "सोबतच्या यादीतली कामं बाकी आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) खालचे माझे हक्क राखून ताबा घेत आहे." खाली सही, तारीख, आणि त्यांच्या माणसाची पोच. या कलमानुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा, मालाचा किंवा सोयींचा दोष तुम्ही कळवलात तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. न जमल्यास महारेराकडे तक्रार करता येते. म्हणजे आज एखादी गोष्ट सुटली तरी सगळं संपलं असं नाही. पण तेव्हा "हा दोष पहिल्यापासून होता की तुमच्या सुतारानं भोक पाडल्यामुळे झाला" हा वाद उभा राहतो, आणि आजचा तारीखवार, फोटोंचा अहवाल तेव्हा तुमच्या बाजूनं बोलतो. म्हणून इंटिरियरचं काम तो अहवाल हातात आल्यावरच सुरू करा.

एवढं मात्र खरं की पाया, स्लॅबच्या पोटातलं लोखंड, काँक्रीटची ताकद या गोष्टी दोन तासांच्या तपासणीत दिसत नाहीत. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनियरचा स्थैर्याचा दाखला आणि काँक्रीटच्या चाचण्यांचे कागद मागून ठेवा, सोसायटी झाल्यावर ते सगळ्यांच्याच कामाला येतील. शेजारच्या दोन-चार कुटुंबांना विचारून पाहा. एकत्र चार फ्लॅट असले की इंजिनियर फी कमी करतो आणि बिल्डर तारीख लवकर देतो. आणि सहाव्या मजल्यावरच्या त्या कुटुंबाशी ओळखही आत्ताच होईल, त्यांच्या घराचं छत पाहायला तुम्हाला जायचंच आहे.

दसऱ्याला कलशपूजन करायला हरकत नाही, त्यासाठी बिल्डरकडून तासाभराची परवानगी मागता येते आणि बहुतेक जण ती देतात. पावतीवरची सही आणि सामान मात्र दुरुस्त्या झाल्यावर. तपासणीला जाताना एक बादली, नहाणीत कोंबायला जुनं फडकं, फोनचा चार्जर, टेप, कराराची प्रत आणि दोन रुपयांचं नाणं घेऊन जा. नाणं गुरुजींच्या हातात द्या.